हळद लावली, पण जू उतरवलं का?

पत्र

डॉक्टरताई, नमस्कार.

मी वणी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय 36. चार एकर कोरडवाहू आहे, कापूस अन् तूर. मागच्या चैत्रात माझे भासरे, मालकांचे मोठे भाऊ, गेले. तोंडाचा कॅन्सर होता. आधी गालात पांढरा चट्टा होता, मग फोड झाला. कापूस घरात येऊ द्या, मग दाखवू, असं म्हणत राहिले. नागपूरला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. वय अवघं 44.

तेव्हापासून मले झोप नाही. आमचे मालक दिवसाला तंबाखू-सुपारीचे पाच खर्रे खातात. दर पोळ्याला म्हणतात, आता सोडतो. हप्त्यातून एखाद्या वेळी दारूही होते. पोरगा नववीत आहे, त्याच्या पँटच्या खिशात खर्र्याची पन्नी सापडली. पोरगी बारा वर्षांची आहे. सासूबाई चुलीशिवाय भाकर करत नाहीत. हे आमच्या घराण्यातच आहे का?

गावात एक बाई कॅन्सर होऊ न देणारा ज्यूस विकते. 3800 रुपयांची बाटली, महिन्याला एक, असे तीन महिने. कोणी हळदीचं पाणी सांगतं, कोणी गोमूत्र. काय खाऊ घातलं म्हणजे अंगात कॅन्सरशी लढायची ताकद येते, ते सांगा. मी काहीही करायला तयार आहे. मले स्वतःले काही त्रास नाही, फक्त सकाळी दाताले गुडाखू लावते.

आणखी एक. भासऱ्यांचं ताट आम्ही शेवटी वेगळं ठेवलं होतं. ते अजून फळीवर तसंच आहे. फेकून द्यावं का?

— एक वाचक, ता. वणी, जि. यवतमाळ

उत्तर

ताई,

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांद शेकतात, ते तुम्ही लहानपणापासून पाहिलं असेल. वर्षभर जुवाखाली घासलेल्या खांद्यावर हळद-लोणी चोळतात. मी लहान असताना वडिलांना विचारलं होतं, हळदीनं खांद बरी होते का? ते म्हणाले, हळदीनं होत असेल थोडीफार, पण उद्या जू लागणार नाही ना, खरा आराम त्याचा.

कोणती हळद लावू, असं तुम्ही विचारलंत. मी बराच वेळ जुवाबद्दलच बोलणार आहे, तेवढं चालवून घ्या.

कॅन्सरशी लढायची ताकद बाहेरून आणावी लागत नाही, ती अंगात असतेच. शरीरात रोज अब्जावधी पेशी जुन्या होऊन जातात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. एवढ्या नकला उतरवताना चुका होणारच. बहुतेक चुका शरीर तिथल्या तिथे दुरुस्त करतं आणि दुरुस्त न होणारी पेशी मोडीत काढतं. तोंडाच्या आतल्या पातळ कातडीत तर हे काम फार झपाट्यानं चालतं, दोन-तीन आठवड्यांत ती नवी होते. म्हणूनच गरम चहानं पोळलेली जीभ चार दिवसांत बरी होते आणि आपण ते विसरूनही जातो.

आता मालकांचा खर्रा पाहा. पाच वेळा, दरवेळी अर्धा-पाऊण तास, बहुधा रोज एकाच गालात. तंबाखूतली कॅन्सरकारक रसायनं आहेतच. चुना कातडी सोलतो आणि नशा लवकर रक्तात उतरवतो. सुपारीची भरड तिथेच घासत राहते. शरीर डागडुजी करायला बसतं, तेवढ्यात दुसरा खर्रा येतो. असं वीस वर्षं चाललं की कधीतरी एक चूक दुरुस्त व्हायची राहून जाते. तुमच्या भासऱ्यांच्या गालातला पांढरा चट्टा म्हणजे तशा राहून गेलेल्या दुरुस्तीची पहिली खूण होती.

सुपारीबद्दल थोडं जास्त बोलते, कारण आपल्याकडे सगळा दोष एकट्या तंबाखूवर टाकायची पद्धत आहे. खर्रा सोडला असं सांगणारे निम्मे लोक साध्या सुपारीवर आलेले असतात आणि सुटलो म्हणून खुशीत असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 सालीच सुपारीला, तंबाखू नसलेल्या नुसत्या सुपारीलासुद्धा, माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. सुपारीतल्या अरेकोलिन नावाच्या रसायनामुळे गालाच्या आतली कातडी हळूहळू कडक होते, दोरीसारखे पट्टे तयार होतात आणि तोंड उघडेनासं होतं. तिखट लागलं की आग होते. ही आधी लक्षात येणारी गोष्ट, पण माणूस म्हणतो, आजकाल मिरच्याच जहाल येतात.

मी स्वतः डॉक्टर झाल्यावरही कितीतरी वर्षं जेवणानंतर बडीशेपेसोबत सुपारीचं खांड तोंडात टाकत होते. तंबाखू तर खात नाही ना, असं मनाला समजावत होते. शिकलेल्या माणसाची समजूत काढायला फार कष्ट लागत नाहीत.

मालकांना आज संध्याकाळी एक गंमत म्हणून करायला सांगा. मधली तीन बोटं एकावर एक अशी उभी धरून तोंडात घालायची. ती सहज गेली तर ठीक. अडली, तर सुपारीनं काम सुरू केलं आहे असं समजून दाखवायला न्यायचं. मग उजेडात गाल, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग नीट पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तीन आठवडे उलटूनही बरं न झालेलं तोंड आढळलं किंवा गळ्याला गाठ लागली, तर कापसाची वाट पाहायची नाही. कातडी दोन-तीन आठवड्यांत नवी होते हे मी वर लिहिलं, ते यासाठीच. त्या मुदतीत जो फोड बरा झाला नाही, तो साधा फोड नव्हे. प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करताना माझ्याकडे पेरणी, डवरणी, फवारणी, वेचणी असं करत करत आठ-आठ महिने उशिरा आलेली माणसं यायची. भासऱ्यांना दोष देऊ नका. शेतकऱ्याच्या घरात आजारपणाला वर्षात मोकळा महिनाच नसतो.

खर्रा सोडायचा तो कसा

दर पोळ्याला सोडतो म्हणणारा माणूस खोटारडा नसतो, एवढं आधी धरून चाला. निकोटिनची ओढ खरीच असते. खर्रा नसला की हात चालत नाही, डोकं भणभणतं, चिडचिड होते, आणि पुरुष सहसा सांगत नाहीत ती गोष्ट म्हणजे सकाळी पोट साफ होत नाही. अर्धे लोक तेवढ्यासाठीच परत पानठेल्यावर जातात. यातलं सगळ्यात वाईट पहिले तीन-चार दिवस असतं, आठवड्यानंतर उतरू लागतं आणि महिनाभरात बऱ्यापैकी निवतं. हे आधी माहीत असलं तर दुसऱ्या दिवशी, "मला नाही जमत बा," असं होत नाही.

तारीख त्यांनाच ठरवू द्या, पण ती पंधरा दिवसांच्या आतली असावी. ऐन वेचणीच्या गर्दीतली नको, आणि पुढच्या पोळ्याची तर मुळीच नको. त्या दिवशी घरातली, डब्यातली, मोटरसायकलच्या डिक्कीतली, बैलबंडीत खोचलेली सगळी पन्नी जाळायची नाही (प्लास्टिकचा धूर नको), खड्डा करून पुरायची. सकाळी उठल्या उठल्या तांब्याभर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि ज्वारीची भाकर, म्हणजे पोटाची तक्रार कमी राहील. तलफ आली की ती पाच-दहा मिनिटंच जोरात असते. तेवढा वेळ काढायला फुटाणे, भाजलेली जवस, लवंग, सुकवलेला आवळा खिशात असू द्या. बाजारात आवळा सुपारी म्हणून मिळते ती बहुधा नुसता आवळाच असतो, तरी पुडा वाचून घ्या.

नुसत्या निर्धारावर भागलं नाही तर मेडिकलमध्ये 2 मिलिग्रॅमचा निकोटिन गम मिळतो. तो च्युइंगमसारखा सारखा चावायचा नसतो. सावकाश चावून जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायचा, अर्ध्या तासानं थुंकायचा. चहा पिताना तो तोंडात नको. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. 1800-11-2356 हा तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठीचा सरकारी मोफत नंबर आहे. त्यावर समुपदेशक बोलतात आणि नंतर स्वतःहून फोन करून विचारपूसही करतात. मालक तुमच्यासमोर फोनवर बोलणार नाहीत, तेव्हा नंबर कागदावर लिहून द्या आणि तुम्ही गोठ्यात निघून जा.

तुमच्याकडून एकच मदत हवी. ओरडू नका, पन्नी लपवू नका. लपवलेली पन्नी शोधणं हा पुरुषांचा आवडता उद्योग आहे. त्यापेक्षा हिशेब मांडा. एक खर्रा वीस रुपयांचा धरला तर पाचांचे शंभर, म्हणजे वर्षाचे 36,500. चार एकर कोरडवाहूच्या घरात ही रक्कम काय असते ते मी तुम्हाला सांगायला नको. रोजचे शंभर एका डब्यात टाका आणि महिनाअखेर डबा त्यांच्यासमोर मोजा.

एकदा घसरले तर सगळं संपलं असं समजायचं नाही. बरेच लोक तिसऱ्या-चौथ्या खेपेला कायमचे सुटतात. सोडल्याबरोबर धोका शून्यावर येत नाही, पण वर्ष जाईल तसा उतरत जातो. जू काढलेली खांद भरतेच.

दारूचं मात्र मी हप्त्यातून एकदा म्हणून सोडून देणार नाही. दारू आणि तंबाखू दोन्ही असलं की तोंडाच्या आणि गळ्याच्या कॅन्सरचा धोका नुसती बेरीज होऊन थांबत नाही, कितीतरी पट चढतो. मोहाची असो, देशी असो की सीलबंद इंग्रजी, शरीर तिचं ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी रसायन करतं आणि ते पेशीतल्या नकलांवरच घाव घालतं. अमुक इतकी दारू निर्धोक असं म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं. शेजारच्या वर्ध्यात 1975 पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत 1993 पासून, चंद्रपुरात 2015 ला आली आणि 2021 मध्ये उठली. बंदीचं काय व्हायचं ते होवो, तुमच्या अंगणातली बंदी तुमच्या हाती आहे. खर्रा सोडतानाच्या महिन्यात तर दारूला हातच नको, कारण एक घोट गेला की हात आपोआप पन्नीकडे जातो.

पोराचं

नववीतल्या पोराला मारू नका. त्याला पहिल्यांदा पानठेल्यावर कोणी पाठवलं, ते विचारा. आपल्याकडे बहुतेक पोरं बापाचा खर्रा आणता आणताच शिकतात. मालक उद्यापासून सोडोत की महिन्यानं सोडोत, पोराच्या हातून खर्रा मागवणं आजच बंद. शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्यानं मनाई आहे आणि लहान मुलाला तंबाखू देणं हा 2015 च्या बालन्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. हे पानठेलेवाल्याला गावातल्या चार बायकांनी मिळून गोडीत ऐकवलं तरी बराच फरक पडतो. गडचिरोलीत 2016 पासून मुक्तिपथ नावाचं अभियान दारू-तंबाखूविरुद्ध गावोगाव चालतं, आणि तिथेही जोर लावतात त्या बायकाच.

पोराशी कॅन्सरच्या गोष्टी बोलून उपयोग नाही. काकांचं मरण त्यानं पाहिलंय, तरी पन्नी खिशात आहे. त्या वयात मरण दुसऱ्याचंच असतं. तोंडाचा वास, काळे-लाल दात, कबड्डीत लागणारी धाप, यावर बोला.

आता ज्यूस, हळद आणि ताटातलं

ज्यूसचे 11,400 रुपये वाचवा. कॅन्सर बरा करतो किंवा होऊ देत नाही अशी जाहिरात करणं 1954 च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याखाली गुन्हा आहे. विकणारी बाई बहुधा स्वतःच फसलेली असेल, वरच्या कोणीतरी तिला साखळीत ओढलं असेल. तिच्याशी भांडू नका, फक्त घेऊ नका. गोमूत्रानं कॅन्सर टळतो याला काही आधार नाही. हळद भाजीत घालता तेवढी घालत राहा. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत हळदीतला घटक पेशींवर काय काय करतो याचे कागद पुष्कळ आहेत, पण पोटातून तो रक्तात फारच कमी उतरतो आणि माणसांमध्ये कॅन्सर टळल्याचं सिद्ध झालेलं नाही. दोन चमचे हळदीनं पाच खर्रे फिटत नाहीत.

तरी ताटाला किंमत नाही असं नाही. आतड्याच्या कॅन्सरपासून कोंड्यासकटचं धान्य, डाळी-भाजीपाल्यासारखं चोथ्याचं अन्न राखण करतं, याला बऱ्यापैकी आधार आहे. आणि गंमत अशी, की तुमच्या सासूबाई तरुणपणी जे गरिबीचं म्हणून खात होत्या तेच ते. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, पावसाळ्यात बांधावरचा तरोटा, घोळ, शेवग्याचा पाला, जवसाची चटणी. रेशनच्या गहू-तांदळानं ज्वारी मागे पडली, आणि पोरांच्या हातात पाच रुपयांचे कुरकुरीत पुडे आले. रोज माणशी निदान 400 ग्रॅम भाजी-फळं पोटात जावीत. फळ म्हणजे सफरचंदच असं काही नाही. पेरू, बोरं, सीताफळ, हंगामात उतरलेली संत्री, सगळं चालतं. मटणाचा बेत कधीमधी झाला तर काही बिघडत नाही, रोजचा नको. तळणाचं काळं पडलेलं तेल पुन्हा पुन्हा वापरू नका.

बुरशीबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. पावसाळ्यात ओल लागलेल्या भुईमुगाच्या शेंगा, मका यांवर एक बुरशी येते. ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते आणि त्यानं यकृताचा कॅन्सर होतो. भाजल्यानं ते पुरतं जात नाही. कडू, काळा, हिरवट दाणा निवडून टाकायचा, चटणीत दडवायचा नाही. तो गायीलाही घालू नका. सरकीच्या ढेपेला बुरशी धरली असेल तर तेच विष रूप बदलून दुधात उतरतं. धान्य खडखडीत वाळवून, जमिनीपासून उंच ठेवणं ही तुमच्या सासूबाईंची जुनी शिस्त या बाबतीत पक्की शास्त्रीय आहे.

व्यायामाचं तुम्हाला काय सांगू? आठवड्याला 150 मिनिटं अंग हलवा, असा सल्ला शहरात देतात. तुम्ही वेचणीच्या दिवसात ते अर्ध्या दिवसात करता. वजन वाढत असेल ते मालकांचं आणि घरात बसणाऱ्या सासूबाईंचं. मालकांना शेतापर्यंत मोटरसायकलीऐवजी पायी धाडा, विषय संपला.

सासूबाईंच्या चुलीवरून घरात भांडण करू नका, पण धूर बाहेर जाईल एवढं बघा. पऱ्हाटी आणि तुराटी जाळताना बंद खोलीत जो धूर कोंडतो तो फुप्फुसाला वाईट. लाकूडफाट्याच्या धुराला बहुधा कॅन्सरकारक असं म्हटलं गेलंय. दमा आणि खोकला तर नक्कीच देतो. उज्ज्वलाचा सिलेंडर भरायला परवडत नाही, हे मला माहीत आहे. भाकरी चुलीवर, बाकीचं गॅसवर, चूल अंगणातल्या छपरीत, एवढा समेट बहुतेक सासवांना मान्य होतो.

फवारणीचंही दोन शब्दांत. 2017 साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं दगावली, तो घाव तात्काळचा होता. मॅलाथिऑन आणि तणनाशकातलं ग्लायफोसेट यांना 2015 मध्ये बहुधा कॅन्सरकारक या गटात घातलं गेलं. ग्लायफोसेटवर अजून तज्ज्ञांचे वाद चालू आहेत. आपण वादाचा निकाल लागेपर्यंत थांबायचं कशाला? लांब बाह्या, तोंडाला फडकं, वाऱ्याकडे पाठ. औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी भरायचं नाही. आणि विष लागलेल्या हातानं खर्रा घोटून तोंडात टाकणं, हे मी बांधावर इतक्यांदा पाहिलं आहे की त्याचा वेगळा हिशेब मांडवत नाही. फवारणीचे कपडे तुम्ही धुता ना? ते वेगळे धुवा, तुमचे हात आधी सांभाळा.

तुमचं स्वतःचं

एवढ्या पत्रात तुमच्याबद्दल दोनच ओळी आहेत. एकीत त्रास नाही म्हणता, दुसरीत गुडाखू.

गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गूळ. दात त्यानं मजबूत होत नाहीत, हिरड्या बधिर होतात म्हणून दुखणं थांबल्यासारखं वाटतं. तोंडाचा कॅन्सर मालकांचा खर्रा आणि तुमची गुडाखू असा भेद करत नाही. मालक ज्या तारखेला खर्रा पुरतील त्याच खड्ड्यात तुमची डबीही गेली पाहिजे. दोघांची चिडचिड एकाच आठवड्यात होईल, भांडी वाजतील, चालायचंच. दात खरंच दुखत असेल तर दाताच्या डॉक्टरांना दाखवा.

तुम्ही 36 वर्षांच्या आहात. तीस ओलांडलेल्या प्रत्येक बाईचं तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख तपासायची सोय सरकारी आरोग्य केंद्रात मोफत असते. आशाताईंना विचारा, कोणत्या दिवशी आणि कुठे होते ते त्या सांगतील. गर्भाशयमुखाच्या तपासणीत तिथे सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरच्या जातीचंच, लावून एक मिनिट वाट पाहतात. बिघडलेली जागा पांढरी होते. दुखत नाही, पाच मिनिटांचं काम. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयानं दीड लाख बायकांवर बारा वर्षं अभ्यास केला. दहावी शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बायकांनी दर दोन वर्षांनी हीच साधी तपासणी केली, आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. त्याचा निकाल 2014 मध्ये छापून आला. शरम वाटते हे मला ठाऊक आहे, मीही बाई आहे. जाऊबाईंनाही सोबत न्या. त्यांचा नवरा गेल्यापासून त्यांच्या तब्येतीकडे कोणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

मधल्या काळात पाळी नसताना रक्त गेलं, संबंधानंतर गेलं, घाण वासाचं पाणी जात असेल, स्तनात न दुखणारी गाठ लागली, तर त्या दिवसाची वाट न पाहता जा. न दुखणारी म्हणून बायका गाठ वर्षभर सांभाळतात. दुखत नाही हीच तिची खोड.

आणि बारा वर्षांची पोरगी. तिच्यासाठी एक खरीखुरी लस आहे, ज्यूसवालीच्या बाटलीत नसलेली. गर्भाशयमुखाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. 9 ते 14 या वयात लस दिली की सर्वांत चांगली लागू पडते. या वयात सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस देतात, आणि एका डोसानंही चांगलं संरक्षण मिळतं असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये म्हटलं. आपल्या देशात तयार झालेली लसही आता आहे. आरोग्य केंद्रात आणि शाळेत मोफत मिळते का, ते विचारा. नसेल तर ज्यूसचे वाचलेले पैसे या कामी येतील.

घराणं आणि ताट

घराण्यात आहे का, असं विचारलंत. सगळ्या कॅन्सरमध्ये रक्तातून उतरणारे शेकड्याला पाच-दहाच असतात. भासरे आणि मालक दोघांनी जन्मापासून एकच पानठेला पाहिला, एकाच पन्नीतली चिमूट वाटून घेतली. तुमच्या घरात उतरलंय ते बहुधा एवढंच.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. हे सगळं पाळूनही कोणाला कॅन्सर होतो. कधी काही न खाणाऱ्या बाईला होतो, आणि गावात कोणीतरी नव्वदीचा म्हातारा बिडी ओढत चावडीवर बसलेला असतोच. मालक तोच म्हातारा तुमच्यासमोर दाखला म्हणून उभा करतील. त्यांना म्हणा, त्याच्या बरोबरीच्या बाकीच्यांची नावं सांगा.

उपचाराची वेळ आलीच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार होतात. नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि सेवाग्रामचा कस्तुरबा दवाखाना तुमच्या माणसांना माहीत असतीलच. रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत तयार ठेवा, ऐन वेळी शोधाशोध नको.

आता ताट. कॅन्सर शिवण्यानं, उष्ट्यानं, एका ताटात जेवल्यानं होत नाही. ते वेगळं ठेवायला तुम्हाला कोणी सांगितलं, ते मी विचारत नाही. तेव्हा घाबरलेल्या घरानं जे सुचलं ते केलं. जाऊबाईंना मात्र ते फळीवरचं ताट रोज दिसत असेल. फेकू नका. खाली काढा, राखेनं लख्ख घासा, आणि उद्या संध्याकाळी भाकर-वरण वाढून मालकांच्या पुढ्यात ठेवा. कोणाचं ताट आहे ते त्यांना कळेल. तुम्ही काही बोलू नका.

तुमच्या तपासणीचं काय झालं ते पोस्टकार्डावर कळवा.

तुमची,
डॉक्टरताई